एकशे सत्तेचाळीस नंबरचा सदरा

“पेटीत पाहा ना, भाऊ,” सुनंदाबाई बाकावर टेकायच्या आधीच म्हणाल्या. “आज शेवटचं पाहा.”

लीलाधरने कीबोर्डवरून मान वर केली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अकराच्या सुमाराला ही बाई येणार, जिना चढून दाराशी चपला काढणार आणि बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसणार, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पहूरच्या पुढच्या खेड्यातून जळगावपर्यंत बसने, तिथून पिंप्राळ्यापर्यंत रिक्षाने. तीन वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता. ‘शेवटचं’ हा शब्द मात्र आज पहिल्यांदाच आला होता.

“शेवटचं का, अक्का?”

“पाहा तं आधी.”

पेटी म्हणजे टेबलाखालचा सर्व्हर. काळा, बुटका डबा, त्याच्यावर एक हिरवा दिवा. ‘वाटसरू शोध केंद्र’ हे भारदस्त नाव असलेल्या दोन खोल्या पिठाच्या गिरणीच्या वर होत्या. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहाचा कप आपोआप सरकायचा आणि सगळ्या वस्तूंवर पांढरी पूड बसायची. म्हणून संध्याकाळी पेटी बंद झाली की लीलाधर तिच्यावर एक शाल घालायचा. ती शाल त्याला सत्कारात मिळालेली होती. त्याच्या आयुष्यातला एकुलता एक सत्कार.

त्याने नेहमीप्रमाणे त्यांच्या नवऱ्याची माहिती टाईप केली. रतिलाल, पुरुष, वय पन्नास, केळी कापणी मजूर. बटण दाबलं. या एका बटणासरशी पेटी नऊ ठिकाणच्या याद्या चाळायची. पाच दवाखाने, दोन निवारागृहं, रेल्वेमार्गावरची एक यादी आणि धुळ्याच्या छगन नानांची, बेवारस प्रेतांना अग्नी देणाऱ्याची, यादी. कोणाची यादी छापील, कोणाची हाताने लिहिलेली, कोणी ‘वय’ लिहिलेलं तर कोणी ‘अंदाजे’. पेटी ते सगळं जुळवून अर्ध्या सेकंदात उत्तर द्यायची. पेटी येण्याआधीचे काही आठवडे हेच काम लीलाधर डायरी घेऊन बसने करायचा आणि चार दिवस लागायचे.

“नोंद आढळली नाही,” त्याने पडद्यावरचं वाचलं.

सुनंदाबाईंनी मान हलवली. दर वेळी त्या अशीच मान हलवायच्या, जणू त्यांनीच त्याची समजूत काढायची होती.

“अवसेले पानांचा करून जाळू राह्यले त्याह्यले,” त्या म्हणाल्या. “दिरानं ठरवलं. अभिमनभाऊनं. त्याह्यच्या पोराचं लग्न जमलं, आन् म्हातारे म्हनता का घरातला मानूस असा लोंबता असल्यावर मांडव कसा घालाचा? महाराजानं सांगतलं, पळसाची पानं आना, मानसाएवढा पुतळा करा, त्याले त्याचेच कपडे घाला आन् अग्नी द्या. झालं मोकळं.”

“तुमचं काय म्हणणं?”

“माह्यं काय? एकदा पानांचा केला का मंग तो मेला. उद्या दारात येऊन उभा राह्यला तरी मेलेलाच. मी चार वर्सं तेच सांगू राह्यली, कोनीतरी पाह्यलं असंल, कुठीतरी लिहेल असंल. थांबा. आता नही थांबत कोनी.” मग आवाज खाली गेला. “मले फक्त खरं पाह्यजे, भाऊ. मेला तं मेला. पन पानं जाळून मी त्याले मारनार नही.”

चार वर्षांपूर्वी होळीनंतर रतिलाल सावद्याकडे केळी कापायला गेला. तिथून गुजरातकडे निघालेल्या ट्रकवर माल उतरवायला म्हणून चढला. धुळ्याजवळ चहाला उतरला आणि परत आला नाही. त्याआधीच्या वर्षभरात कधी तरी केळीचा घड डोक्यात पडला होता आणि तेव्हापासून त्याचं भान अधूनमधून सुटायचं. ड्रायव्हरने अर्धा तास वाट पाहिली आणि ट्रक नेला. सुनंदाबाई आणि दीर धुळ्यात दोन दिवस फिरले. पोलिसांत नोंद केली. मग कोणीतरी या केंद्राचं नाव सांगितलं.

“हे त्याह्यचे कपडे,” सुनंदाबाईंनी पिशवीतून एक घडी काढली. “पुतळ्याले घालाले काढून ठेवले. म्हनलं, एकदा तुमाले दाखवू. फोटोत तं त्याह्यचं थोबाड कोनासारखंही दिसते.”

पांढरा सदरा. पांढरा कसला, धुऊन धुऊन मळकट झालेला. सुनंदाबाईंनी तो मांडीवर उलगडला. उजव्या खांद्यापासून पाठीवर अर्ध्यापर्यंत काळपट, तपकिरी डागांचा पट्टा होता.

“किती धुतला. चीक कुठी जातो?”

लीलाधरचं सगळं लक्ष त्या खांद्यावर गेलं. त्याचा बापही केळी कापायचा. बागेतून घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचा, आणि कापलेल्या दांड्यातून गळणारा चीक खांद्यावरून पाठीवर उतरायचा. ओला असताना पाण्यासारखा, वाळला की काळा. घरातला एकही सदरा त्यातून सुटला नव्हता. आई म्हणायची, हा डाग चितेवरच जाईल.

पण आत्ता त्याला बाप आठवत नव्हता. त्याला एक ओळ आठवत होती, निळ्या शाईतली, तिरक्या अक्षरातली. उजव्या खांद्यावर व पाठीवर.

“बसा हं, अक्का.”

तो आतल्या खोलीत गेला. कपाटात छगन नानांच्या वहीच्या झेरॉक्स प्रतींचं बाड होतं. त्यावर पिठाचा थर होता, म्हणजे तीन वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. कोणी म्हणजे तोच, दुसरं होतं कोण? त्याने पानं उलटली. एकशे सत्तेचाळीस.

‘पुरुष. अंदाजे ३५ ते ४०. धुळे-पारोळा रस्ता, फागण्याच्या पुढे, पारोळ्याकडे जाणारी बाजू. वाहनाची धडक. चेहरा ओळखण्यासारखा नाही. पांढरा सदरा, पायजमा. उजव्या खांद्यावर व पाठीवर काळे तेलकट डाग. ड्रायव्हर-क्लीनर असावा.’

तारीख होती रतिलाल हरवल्यापासून अकराव्या दिवसाची.

लीलाधर तिथेच स्टुलावर बसला. हे पान त्याच्या हाताखालून गेलं होतं. नुसतं गेलं नव्हतं, तो या ओळीपाशी थांबलाही होता. तेलाचे डाग खांद्यावर कसे, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं. मेकॅनिकचं तेल बाहीवर, छातीवर, मांडीवर लागतं. खांद्यावर कोण इंजिन वाहून नेतो? एवढं मनात आलं आणि तो पुढच्या नोंदीवर गेला. कारण दोनशे बारा नोंदी होत्या आणि दोन दिवस होते.

त्याचं असं होतं की लीलाधरला वेगाचा फार अभिमान. तरुणपणी कोर्टाबाहेर टेबल टाकून तो अर्ज टाईप करायचा, बोटांकडे न बघता, समोरच्याशी गप्पा मारत. वकील आपले कारकून सोडून त्याच्याकडे यायचे. मग घराघरांत संगणक आले आणि टेबल उठलं. पुढची पंधरा वर्षं त्याने मिळेल तिथे मिळेल ते टाईप केलं, बायको ज्योत्स्नाने पापड लाटले, आणि दोघांनी मिळून संसार रेटला. बावन्नाव्या वर्षी, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, या केंद्रात नोकरी लागली तेव्हा त्याने ठरवलं की एकदा सगळ्यांना दाखवून द्यायचं. सर्व्हरचं उद्घाटन सोमवारी होतं आणि धुळ्याची यादी शनिवारी सकाळी आली. सर्व्हर बसवणारी भूमिका नावाची मुलगी म्हणाली, “काका, ही नंतर भरली तरी चालेल.” लीलाधर म्हणाला, “मॅडम, सोमवारी नऊच्या नऊ याद्या आत असतील.”

होत्याच. क्रमांक, तारीख, लिंग, वय, ठिकाण, व्यवसाय. ‘वर्णन’ या रकान्यापुढे सक्तीची लाल खूण नव्हती. तो रिकामा ठेवला तरी पेटी पुढे जाऊ द्यायची. म्हणून त्याने दोनशे बारा वेळा तो रिकामा ठेवला. सोमवारी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली.

तो बाहेर आला तेव्हा सुनंदाबाई सदऱ्याची घडी घालत होत्या.

“उद्या धुळ्याला जावं लागेल, अक्का,” तो म्हणाला. “एक कागद आहे. खात्री नाही. तुम्ही आजची रात्र आमच्याकडे राहा. ज्योत्स्ना आहे घरी.”

सुनंदाबाईंचा हात घडीवरच राहिला. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कागद कसला, कधीचा, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, “मेलेल्यांचा कागद हाये ना?”

“हो.”

“बरं.”

*

सकाळच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दुतर्फा कपाशीचं काळं रान होतं. बसमध्ये कोणीतरी मोबाईलवर भजन लावलं होतं. लीलाधरच्या मांडीवर एकशे सत्तेचाळीसची झेरॉक्स होती आणि ती त्याने दोनदा घडी घालून दोनदा उलगडली.

“रातच्याले जेवताना लई बोलायचे,” सुनंदाबाई अचानक म्हणाल्या. “कोनत्या बागेत घड कसा भरला, कोनता मुकादम कसा ओरडला. मले त्यातलं काय समजे? मी नुसती हं म्हनत जाऊ. हं नही म्हनलं का थांबून जायचे. म्हनायचे, आयकू राह्यली का झोपली? मंग मी भाकर टाकता टाकता हं, हं करत राहू.” त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. “चार वर्सं झाली, कोनाले हं नही म्हनलं.”

लीलाधरला तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण शेजारी माणसं होती, कंडक्टर होता, भजन होतं. सबब शोधणाऱ्याला सबबी काही कमी पडत नाहीत.

छगन नानांचं घर धुळ्यात देवपुरात होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण खांदे अजून रुंद. उमर सगळी गॅरेजमध्ये गेली, इंजिनं खोलण्यात. एकदा रस्त्यावर मेलेल्या एका ड्रायव्हरचं प्रेत कोणी न्यायला आलं नाही तेव्हा नानांनी त्याला अग्नी दिला आणि तेव्हापासून तेच काम लागलं. पोलिसांचं सगळं झालं की निरोप यायचा आणि नाना हातगाडी, लाकडं, चार माणसं जमवायचे. वही ते स्वतः लिहायचे. आणि आणखी एक त्यांची रीत होती. अग्नी द्यायच्या आधी अंगावरच्या कपड्याचा तळहाताएवढा तुकडा कापून घ्यायचे, त्याला नंबर बांधायचे आणि पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे. राख तर घरात ठेवता येत नाही. पण कोणी कधी आलंच तर हातात द्यायला काही तरी हवं.

“या, बठा,” नाना अहिराणीत म्हणाले. “एकशे सत्तेचाळीस ना? काढी ठेयेल शे.”

लीलाधरने आदल्या रात्री फोनवर नंबर कळवला होता, म्हणून ओट्यावर एक छोटं गाठोडं तयार होतं. सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर १४७. नानांनी गाठ सोडली. आत पांढऱ्या कापडाचा चौकोन, कडेला शिवण. खांद्याचाच भाग होता. त्याच्यावर तोच काळपट, तपकिरी पट्टा होता.

सुनंदाबाईंनी हात लावला नाही. त्यांनी आपला सदरा काढून शेजारी ठेवला.

नानांनी दोन्हींकडे आलटून पालटून बघितलं. “हाई तं तेल शे ना, बाई? इंजिनतेल. मी वळखस तेल.”

“केळीचा चीक आहे, नाना,” लीलाधर म्हणाला. “आमच्याकडं प्रत्येकाच्या खांद्यावर असतो.”

नाना उठून आत गेले आणि रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन आले. आयुष्यभर काळे हात रॉकेलने धुतलेला माणूस, त्याच्याकडे खात्री करायची हीच रीत होती. त्यांनी तुकड्याच्या एका कोपऱ्यावर रॉकेल ओतलं आणि चिंधीने घासलं. तेल असतं तर चिंधी काळी झाली असती. चिंधी स्वच्छ राहिली आणि डाग जागचा हलला नाही. त्यांनी आणखी जोर लावून घासलं. मग चिंधी खाली ठेवली.

“आम्हाकडे केळी कोठे, बाई,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “मी जिंदगीभर इंजिनं खोल्यात. काळा डाग दखा की माले तेलच दिसस. मन्ही चूक शे. माफ करा.”

सुनंदाबाईंनी तुकडा उचलला. उलटा केला. शिवण बोटाने चाचपली. आतल्या बाजूने निळ्या दोऱ्याचे चार मोठे टाके होते.

“हे माह्ये टाके हाये,” त्या म्हणाल्या. “पांढरा दोरा सरला व्हता. म्हनलं, आतून कोन पाह्यते.”

कोणी रडलं नाही. ओट्याखालून एक शेळी ओरडत होती. नाना म्हणाले, पोलिसांकडे हाडाचा नमुना ठेवलेला आहे, तपासणी होईल, लेखी कागद मिळेल, ते स्वतः सोबत येतील. सुनंदाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, कुठे सापडले?

“फागनाना पुढे. पारोळाकडे जानारी बाजूले.”

“पारोळ्याकडं,” सुनंदाबाई म्हणाल्या. मग लीलाधरकडे वळून, “म्हंजे घरीच येऊ राह्यले व्हते, भाऊ. अकरा दिवस कुठीबी असू, पन घरीच येऊ राह्यले व्हते.”

लीलाधरने मान हलवली. ते अकरा दिवस कोणत्याच यादीत नव्हते आणि कधीच सापडणार नव्हते.

नाना चहा घेऊन आले. बशी पुढे करत, मनात काही नसताना, नुसतं बोलायचं म्हणून म्हणाले, “पन भाऊ, हाई बठ्ठं तं मी तुम्हले तीन साल पहिले लिखी देयेल व्हतं. खांदा, पाठ, बठ्ठं. तुम्हनी ती पेटीमा सापडनं नही का?”

चहाची बशी लीलाधरच्या हातात होती. तो ती खाली ठेवायला जागा शोधू लागला.

“पेटीत नव्हतं,” तो म्हणाला. “मी टाकलंच नव्हतं.”

सुनंदाबाईंना कळलं नाही. “काय नही टाकलं?”

“वर्णन. कपडे, डाग, काहीच. नुसतं वय आणि व्यवसाय टाकला. वय चुकीचं, व्यवसाय चुकीचा. तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधीच हा कागद माझ्या कपाटात होता, अक्का. मी वाचला होता. खांद्यावर तेल कसं, असंही मनात आलं होतं. पण मला लवकर संपवायचं होतं.” आणि मग त्याने तेही सांगून टाकलं. “त्याबद्दल मला शाल मिळाली.”

नाना आत निघून गेले. भले गृहस्थ, पण ते तरी काय करणार?

सुनंदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याला वाटलं, आता या ओरडतील. ओरडावं, असंही वाटलं. त्यांनी चहाची बशी उचलून त्याच्या तोंडावर मारली असती तरी त्याने पुसली नसती. पण त्यांनी तुकडा सदऱ्याच्या घडीत ठेवला, घडी पिशवीत ठेवली आणि उठल्या.

“चाला. बस जाईल.”

परतीच्या बसमध्ये फागणं आलं. त्यांनी खिडकीची काच पूर्ण सरकवली. रस्त्याच्या डाव्या कडेला बाभळी, एक बंद ढाबा, टायरचं दुकान. बस एवढी वेगात होती की जागा कोणती हे ठरवता आलं नसतं. तरी त्या बघत राहिल्या आणि पारोळा येईपर्यंत काच लावली नाही.

एरंडोलच्या जवळपास त्या बोलल्या. समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत.

“एका मानसाचं ते सारं लिहाले किती येळ लागते?”

“दोन मिनिटं,” लीलाधर म्हणाला.

“दोन मिनिटं,” त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखादा निरोप नीट लक्षात राहावा म्हणून परत म्हणून बघतात, तसं त्या म्हणाल्या.

*

त्या रात्री त्याने ज्योत्स्नाला सगळं सांगितलं. तिने त्याची बाजू घेतली नाही आणि दोषही दिला नाही. “आता काय करणार?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याने भूमिकाला फोन केला.

“मॅडम, रिकामे राहिलेले रकाने आता भरता येतात का?”

“येतात की, काका. कधीही. भरलं की सर्व्हर आपोआप शोधायला लागतो.” मग तिने विचारलं, “पण कोणता रकाना?”

“वर्णनाचा.”

“तो रिकामा होता? काका, नाव नसलेल्या माणसाला शोधायला तेवढंच तर असतं.”

“हो,” लीलाधर म्हणाला. “आता समजलं.”

केंद्राच्या विश्वस्तांना त्याने चिठ्ठी लिहिली, सगळं जसं घडलं तसं. ते म्हणाले, बघू. अजून बघतायत. तोवर त्याने नाव, वय असल्या रोजच्या शोधांतून वेळ काढून बाड पुढ्यात घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पण बोटं त्याचं ऐकेनात. तीस वर्षं ज्यांनी डोळ्यांआधी धाव घेतली ती बोटं आता प्रत्येक ओळीला अडायची. नजर कागदावरून उचलली की काही तरी सुटेल असं वाटायचं. म्हणून तो आधी मोठ्याने वाचायचा आणि मग टाईप करायचा. गिरणीचा आवाज सुरू असला की ओरडून वाचायचा. महिना होत आला तरी साठ नोंदीही झाल्या नाहीत.

सुनंदाबाईंकडून काही निरोप नव्हता. अभिमनभाऊंनी एकदा फोन केला होता. पानांचा पुतळा केला नाही, असं म्हणाले. वहिनीने करू दिला नाही. खरा अग्नी मिळालेला असताना खोटा कशाला, म्हणाल्या. लेखी कागद आला, दहावं-तेरावं झालं, लग्नाची तारीख धरली. “वैनीनं कुकू पुसलं नही अजून,” ते जरा अवघडून म्हणाले. “मनते, चार वर्सं लावलं, त्यातलं एकबी दिवस त्याले लागू नवतं. आता अजून थोडे दिवस लावते, माह्यं मीच पुसीन.”

मग महिन्याचा पहिला सोमवार आला. अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. दाराशी चपला निघाल्या. लीलाधर खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

सुनंदाबाई आत आल्या आणि बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसल्या. कपाळ रिकामं होतं. हातात पिशवी होती, पण सपाट, आत काही नसलेली.

“काही काम होतं का, अक्का?”

“काम काय आता,” त्या म्हणाल्या. “सोमवार व्हता. घरी बसवलं नही.”

त्याने पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं, तांब्या बाकाखाली ठेवला. त्यांची नजर टेबलावर गेली. झेरॉक्सचं बाड, निम्म्याहून वर न उलटलेलं. आणि टेबलाखालची पेटी. त्यावर शाल नव्हती, तर एक जुना पंचा होता.

“मोठ्यानं वाचू राह्यले व्हते का तुमी? खाली जिन्यात आयकू आलं.”

“वाचल्याशिवाय लिहिता येत नाही आता.”

“मंग वाचा.”

“अक्का, हे ऐकण्यासारखं नाही.”

“मले म्हाईत हाये कसं हाये ते,” सुनंदाबाई म्हणाल्या. “त्याह्यचं कोनी आयकलं नही. वाचा.”

लीलाधर खुर्चीत बसला. पान सरळ केलं. गिरणी आत्ता बंद होती आणि त्याचा आवाज त्या खोलीत उगाचच मोठा वाटला.

“एकोणसाठ. पुरुष. अंदाजे साठ. डाव्या हाताला अंगठा नाही. गळ्यात काळा दोरा. दाढी वाढलेली.”

“हं,” सुनंदाबाई म्हणाल्या.

त्याने टाईप केलं. अंगठा, दोरा, दाढी. परत वाचून बघितलं.

“साठ. बाई. अंदाजे तीस. हिरवं लुगडं. पायात जोडवी. उजव्या पायाच्या पोटरीवर भाजल्याची जुनी खूण.”

“हं.”

“एकसष्ट. पुरुष. अंदाजे पंचवीस. राखाडी सदरा, हाफ पँट. उजव्या खांद्यावर...”

बोटं कीबोर्डवर होती, पण हलली नाहीत. खाली कोणीतरी गिरणीचं शटर वर केलं. बाकावरून ‘हं’ आलं नाही. त्याने मान वळवून बघितलं नाही, बघायची त्याची हिंमत नव्हती.

मग बाई बोलल्या.

“तेल लिहेल असंल ना तिथी?”

“हो. काळे तेलकट डाग.”

“तेल नका लिहू,” सुनंदाबाई म्हणाल्या. “लिहा, खांद्यावर केळीचा चीक असंल. कोनाचा तरी पोऱ्या हाये, भाऊ. त्याची माय वाट पाहू राह्यली असंल.”

त्याने एक एक अक्षर बघून टाईप केलं. केळीचा चीक. मग ती ओळ मोठ्याने वाचली, पूर्ण, सुरुवातीपासून.

“हं,” सुनंदाबाई म्हणाल्या. “पुढचा वाचा.”